तिसाव्या शतकाचे पाठभेद

१९९४ हे साल माझ्या डोक्यात दोन कारणांनी पक्के बसले आहे. त्या वर्षी आमच्या मालगुंडात केशवसुत स्मारकाचे उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. ज्या घरात कवीचा जन्म झाला ते घर राखायचे, त्याच्या कविता लोकांच्या नजरेसमोर ठेवायच्या, गावाने आपल्या माणसाची आठवण जपायची, असा तो सोहळा होता. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने एका अतिमानव-पथकाची ३६ वर्षांची सगळी हकीगत ‘घडलीच नाही’ असे ठरवून टाकले आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्या पथकाचे नाव ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’. मी त्या मालिकेचा तेव्हाही वाचक होतो, आजही आहे.

या दोन घटनांची तुलना कुणाला हास्यास्पद वाटेल. केशवसुत कुठे आणि रंगीत तंग कपडे घालून उडणारी पोरे कुठे! पण प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. वाचून झालेल्या गोष्टीवर मालकी कुणाची? जो ती छापतो त्याची, की जो ती लक्षात ठेवतो त्याची? लीजनची आजवर इतक्यांदा नव्याने मांडणी झाली आहे की हा प्रश्न तपासायला याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. हा लेख त्या तपासणीचा आहे, आणि तपासणारा अलिप्त नाही हे आधीच सांगून ठेवतो.

वेताळाच्या गुहेतून

माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी मुलांप्रमाणे माझीही चित्रकथांशी ओळख ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे झाली. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघत असे आणि तिचा राजा होता वेताळ. जंगलातले लोक त्याला अमर समजतात. खरे पाहता बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. कवटीच्या आकाराच्या गुहेत मागच्या सगळ्या वेताळांनी लिहिलेल्या बखरी रचून ठेवलेल्या असतात आणि आजचा वेताळ अडला की जुनी बखर काढून वाचतो. नवा माणूस, जुना मुखवटा आणि मधे लिहून ठेवलेली आठवण, ही रचना लहानपणी मला अगदी स्वाभाविक वाटली. पुढे लीजन वाचताना तिची किंमत कळली.

लीजनचा पहिला अंक हाती आला तो गणपतीत. मुंबईहून येणारे काका फोर्टच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी कॉमिक्स वजनावर आणावीत तशी आणत; कव्हर फाटलेली, पाने गळलेली. त्यातला एक अंक १९८२ चा होता, पॉल लेव्हिट्झ यांनी लिहिलेल्या आणि कीथ गिफेन यांनी चितारलेल्या ‘द ग्रेट डार्कनेस सागा’ या दीर्घकथेतला. पाच भागांतला मधलाच भाग. आधीचे काय ते ठाऊक नाही, पुढचे हाती नाही, खलपुरुष सावलीत बसलेला, आणि पानापानांवर वीस-पंचवीस नायक. माझे इंग्रजी तेव्हा शाळेच्या पाठ्यपुस्तकापुरते.

तरीही तो अंक मला समजला. कारण प्रत्येक नायक प्रथम दिसला की त्याच्या शेजारी छोटी चौकट असे : नाव, कोणत्या ग्रहावरचा, अंगी काय शक्ती. नमनात एकेक सोंग मांडावर येते, गाण्यातून आपली ओळख करून देते आणि मग खेळात मिसळते, तसेच. उशिरा आलेल्या प्रेक्षकालाही कोण काय ते कळावे, ही त्यामागची सोय. त्या चौकटींना या लेखात मी ‘नामावळ’ म्हणणार आहे. पुढे तिचे काम आहे.

शेवटचा भाग मला सहा वर्षांनी मिळाला. तोवर त्या कथेचा शेवट मी मनात चार प्रकारांनी लावून पाहिला होता. कोकणातल्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्या घालून ठेवलेले पुढचे-मागचे सुटे अंक, आणि त्यांची संगती लावणारा मी. लीजनची माझी संहिता अशी तयार झाली.

पथक आणि त्याचे वाचक

मालिकेशी परिचय नसलेल्यांसाठी थोडी पूर्वपीठिका. एप्रिल १९५८ च्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या २४७ व्या अंकात ऑटो बाइंडर यांनी लिहिलेली आणि अल प्लास्टिनो यांनी चितारलेली एक छोटी कथा आली. तिच्यात तिसाव्या शतकातली तीन मुले काळ ओलांडून मागे येतात आणि सुपरमॅनच्या लहानपणीच्या रूपाला, सुपरबॉयला, आपल्या मंडळात चला म्हणतात. कॉस्मिक बॉय चुंबकशक्तीचा, सॅटर्न गर्ल दुसऱ्याचे मन वाचणारी, लाइटनिंग बॉय (पुढे लाइटनिंग लॅड) विजेचा. ते सुपरबॉयची परीक्षा घेतात, त्याला नापास करतात, रडवेला करतात आणि शेवटी गंमत केली म्हणून सांगून आत घेतात. कथा एवढीच. पण वाचकांना ती मुले आवडली आणि परत परत बोलवावी लागली.

पथक वाढत गेले. प्रत्येक सभासद वेगळ्या ग्रहावरचा आणि प्रत्येकाची शक्ती ही त्याच्या ग्रहाची रीत. विनाथ ग्रहावर सगळी मुले जुळी जन्मतात. तिथे एकटे जन्मणे हेच अपवादात्मक. बिस्मॉलचे लोक काहीही खाऊ शकतात, दगड आणि लोखंडसुद्धा. म्हणजे त्या ग्रहांवर ती माणसे चारचौघांसारखीच. परमुलखात आल्यावर ती अद्भुत ठरतात. गाव सोडून मुंबईला गेलेल्या कोकणी माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय १९६३ मध्ये या मालिकेने नाकारलेल्या उमेदवारांचेही एक पथक काढले. ज्यांची शक्ती निरुपयोगी ठरली त्या मुलांनी घरी न जाता आपले बदली-मंडळ स्थापन केले. अतिमानवांच्या साहित्यात नापासांना इतक्या मायेने वागवणारी दुसरी कल्पना माझ्या वाचनात नाही.

या मालिकेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात वाचकांचा हात. नव्या नायकांच्या कल्पना वाचक पत्राने कळवीत आणि त्या छापल्या जात. पथकाचा नेता कोण, यासाठी वाचक मत देत. पिट्सबर्गच्या जिम शूटर नावाच्या मुलाने तर वयाच्या तेराव्या वर्षी स्वतःच कथा लिहून पाठवल्या. घरी पैशांची गरज होती. त्या स्वीकारल्या गेल्या, आणि १९६६ मध्ये ॲडव्हेंचरच्या ३४६ व्या अंकापासून तो या मालिकेचा लेखक झाला. मुलांच्या पथकाची गोष्ट आता खरोखर एक मूल लिहू लागले. त्याने निर्माण केलेल्या फेरो लॅड या लोखंडी अंगाच्या मुलाला त्यानेच फेब्रुवारी १९६७ च्या अंकात मारले. सूर्य गिळणाऱ्या एका प्रचंड मेघात बॉम्ब घेऊन तो मुलगा शिरतो आणि परत येत नाही. लाइटनिंग लॅड याआधी १९६३ मध्ये मेला होता, पण काही महिन्यांत त्याला जिवंत करण्यात आले होते. फेरो लॅडला कुणी उठवले नाही. लेखकाचे वय तेव्हा जेमतेम पंधरा, आणि मेलेला मेलेलाच राहतो हे त्या वयात त्याला मान्य करता आले, याचे मला आजही नवल वाटते.

खोडणे आणि पुन्हा लिहिणे

मोडतोड सुरू झाली ती बाहेरून. १९८५-८६ मध्ये डीसीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेतून आपल्या सगळ्या विश्वांची आवराआवर केली. त्यानंतर जॉन बर्न यांनी सुपरमॅनचे चरित्र नव्याने लिहिले आणि त्यात ठरले की सुपरमॅन लहानपणी सुपरबॉय नव्हताच. आता लीजनचे काय? ज्याच्या प्रेरणेने ते पथक जमले आणि ज्याच्यासोबत ते तीन दशके लढले, तो मुलगाच नाही. १९८७ मध्ये तोडगा निघाला : त्यांना भेटलेला सुपरबॉय एका खलपुरुषाने घडवलेल्या छोट्या खिशातल्या विश्वातला होता. त्या कथेच्या शेवटी तो मरतो. तोडगा ओढूनताणून आणलेला होता, पण त्यात एक सभ्यपणा होता. जुन्या वाचकाला त्यांनी खोटे पाडले नाही. तू वाचलेस ते घडले, फक्त ते तुला वाटले तिथे घडले नव्हते, एवढेच सांगितले.

१९८९ मध्ये गिफेन आणि टॉम व मेरी बिअरबॉम या दांपत्याने कथा पाच वर्षे पुढे नेली. बिअरबॉम दांपत्य मुळात या मालिकेच्या चाहत्यांपैकीच. पथक मोडलेले, सभासद थकलेले, पृथ्वी परक्यांच्या ताब्यात. प्रत्येक पान नऊ चौकटींत कोंबलेले. मला ही आवृत्ती प्रचंड आवडली. पण समीक्षक म्हणून बघितले तर तिने एक गोष्ट काढून टाकली : नामावळ. पोशाख नाहीत, टोपणनावे नाहीत, ओळखीच्या चौकटी नाहीत. ज्याला तीस वर्षांचा इतिहास पाठ आहे त्याच्यासाठीच ते लिहिले होते. फुटपाथवरून आलेला त्यातला एखादा सुटा अंक तेरा वर्षांच्या मला मिळाला असता, तर दोन पानांत मी तो खाली ठेवला असता.

मग १९९४. ‘झीरो अवर’ या महाकथेच्या निमित्ताने सगळे मोडीत निघाले. जुने पथक एकमेकांच्या सोबतीने नाहीसे झाले आणि ‘शून्य’ क्रमांकाच्या अंकापासून नवी, तरुण, पहिल्यांदाच एकमेकांना भेटणारी मुले आली. लाइटनिंग लॅडचा ‘लाइव्ह वायर’ झाला, ट्रिप्लिकेट गर्लची ‘ट्रायड’. ही आवृत्ती दहा वर्षे चालली. २००४ च्या अखेरीस मार्क वेड आणि बॅरी किटसन यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. ती २००९ पर्यंत टिकली. त्याआधीच, २००७ मध्ये, जेफ जॉन्स यांनी जवळजवळ मूळ पथकच परत आणले होते. ती धारा २०१३ पर्यंत वाहिली. २०१९ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि रायन सूक यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडले, त्या मुख्य मालिकेचे १२ अंक निघाले.

एकामागोमाग आयुर्मान पाहा : पहिली आवृत्ती ३६ वर्षे, दुसरी १०, तिसरी चारच्या आसपास, २०१९ ची त्याहूनही कमी. या घसरणीत मध्येच सहा वर्षे तगलेली धारा आहे ती २००७ ची, म्हणजे जिने जुनी आठवण परत घेतली तीच. एवढ्या आकड्यांवरून सिद्धांत मांडू नये. बाजार, वितरण, वाचकांची घट ही कारणेही आहेतच. पण ‘नवी सुरुवात नवा वाचक आणते’ हा जो युक्तिवाद दर वेळी केला गेला, त्याला हे आकडे दुजोरा देत नाहीत एवढे नक्की.

पाठभेद म्हणजे काय

पुन्हा पहिल्यापासून सांगण्याला माझा विरोध नाही. असता तर मी कोकणात राहूच शकलो नसतो. आमच्याकडे शिमग्याच्या दिवसांत नमन उभे राहते. गण होतो, गवळण होते, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी त्यांच्याशी भांडते, काळ्या वेशातला, उंच टोपीचा संकासुर येऊन पोरांना घाबरवतो आणि हसवतो. दर वर्षी तेच, दर वर्षी नव्याने. मावशीच्या तोंडी यंदाच्या भावांची, यंदाच्या निवडणुकीची टिंगल येते. वग तर संपूर्णच बदलतो. पण गेल्या वर्षीचा संकासुर रद्द झाला, असे कुणी जाहीर करत नाही. उलट, म्हातारी माणसे पुढे बसून आजच्या संकासुराची तुलना वीस वर्षांपूर्वीच्या संकासुराशी करतात आणि ती तुलना हाच त्यांच्या आनंदाचा अर्धा भाग असतो.

हाच विचार विद्वत्तेच्या भाषेत मांडायचा तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे जावे लागेल. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये मूळ संहितेचे काम पूर्ण झाले. देशभरातली हस्तलिखिते ताडून संपादकांनी एक संहिता निश्चित केली. अनेक लोकप्रिय श्लोक आणि प्रसंग त्यातून बाहेर पडले. पण ते फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत त्यांना जागा मिळाली, कोणत्या हस्तलिखितात ते सापडतात याच्या नोंदीसह. संपादक एवढेच म्हणतो, की हा मूळ पाठ नसावा. कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी ही गोष्ट अशी सांगितली होती, हे तो नाकारत नाही. याला पाठभेद म्हणतात.

लीजनच्या बाबतीत प्रकाशकाने पाठभेदाच्या जागी खाडाखोड केली, असे माझे म्हणणे आहे. आणि गंमत अशी की खोडलेल्या आठवणीवाचून त्याचे स्वतःचेच चालेना. १९९६ मध्ये कार्ल केसेल आणि स्टुअर्ट इमोनेन यांच्या ‘द फायनल नाइट’ या मालिकेत तोच सूर्य गिळणारा मेघ पृथ्वीवर चालून येतो आणि नव्या आवृत्तीतला फेरो त्याला भिडायला पुढे होतो. अधिकृत इतिहासाप्रमाणे या मुलाचा आणि त्या मेघाचा पूर्वी काहीच संबंध नाही. मग त्या प्रसंगात वाचकाचा श्वास का अडकतो? कारण १९६७ चा अंक वाचकाला आठवतो. या वेळी फेरो वाचतो, मरण दुसऱ्याच्या वाट्याला येते, आणि त्या वाचण्यातली सगळी गोडी आधीच्या मरणातून आलेली आहे. जे घडलेच नाही म्हणायचे, त्याच्याच भांडवलावर कथा चालवायची, असा हा व्यवहार.

तिघींची एक

आता दुसरी बाजू. नव्या आवृत्त्यांनी नुसती मोडतोड केली असती तर हा लेख तक्रारीवर संपला असता. पण मी एका पात्राचा चारही आवृत्त्यांतून पाठपुरावा केला, आणि माझे मत बदलले.

ते पात्र ट्रिप्लिकेट गर्ल, लुओर्नु दुर्गो. १९६१ मध्ये ती प्रथम आली. कार्ग नावाच्या, तीन सूर्य असलेल्या ग्रहावरची ही मुलगी स्वतःच्या तीन मुली करू शकते. शक्ती तशी मामुली. पण १९६६ मध्ये ब्रेनिॲक फाइव्हने बनवलेले यंत्र, कॉम्प्युटो, तिच्या तिघींपैकी एकीला मारते. ती उरते दोघींची. नाव बदलून ‘ड्युओ डॅमझेल’ होते, पुढे १९७४ मध्ये बाउन्सिंग बॉयशी लग्न करते, संसाराला लागते. १९८८ मध्ये त्या दोघींतलीही एक जाते. मूळ पाठात लुओर्नुची कथा ही अशी शोकाची कथा आहे. आपला एक भाग मेला आणि आपण जगलो, तर उरलेल्याने कसे जगायचे?

१९९४ च्या पाठात हा मृत्यू नाही. तिथे ट्रायडच्या तिघींचे स्वभाव वेगवेगळे आहेत. एक लाजरी, एक तापट, एक समंजस. कार्गवर तिघींचा स्वभाव एकच असावा अशी रीत. म्हणून तिला आजारी समजतात, दूर ठेवतात. प्रश्न बदलला. आता तो शोकाचा नाही, एका माणसात एकमेकांशी न पटणारी तीन माणसे असली तर तो दोष की संपत्ती, असा आहे.

२००४ चा पाठ आणखी पुढे जातो. इथे लुओर्नु एका उद्ध्वस्त ग्रहावर एकटी उरते, स्मृती गेलेली. ती स्वतःच्या प्रती करत जाते आणि सगळा ग्रह स्वतःनेच भरून टाकते. त्यांतल्या तिघी जग पाहायला बाहेर पडतात आणि परत आल्यावर बाकीच्या त्यांना आपल्यात सामावून घ्यायला तयार होत नाहीत. कारण बाहेर राहून त्या वेगळ्या झाल्या. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. गाव सोडलेल्या माणसाला गावाने परत आपले म्हणायचे की नाही, हा प्रश्न माझ्या आजूबाजूच्या प्रत्येक घरात, दर मे महिन्यात आणि दर गणपतीत उभा राहतो. त्याचे इतके नेमके रूप एका परक्या चित्रकथेत सापडावे!

२००७ नंतरच्या, परत आलेल्या पथकात लुओर्नुला कळते की ती एकटी उरलेली नाही, तिच्यातून हव्या तितक्या निघू शकतात. शोकाच्या कथेला मिळालेले हे सांत्वन मला थोडे सोपे वाटते. पण चारही पाठ शेजारी ठेवले की दिसते, की शक्ती तीच आणि प्रश्न दर वेळी वेगळा. एका आवृत्तीत हे चारही प्रश्न मावले नसते. म्हणजे नव्याने सांगण्यात लाभ होता, आणि मोठा होता. तोटा झाला तो आधीचे खोडण्याने.

हे अखेर मालिकेलाही मान्य करावे लागले. २००८-०९ मध्ये जेफ जॉन्स आणि जॉर्ज पेरेझ यांनी ‘लीजन ऑफ थ्री वर्ल्ड्स’ या पाच अंकी कथेत तिन्ही आवृत्त्यांची पथके एकत्र उभी केली. तिन्ही खरी, तिन्ही वेगळ्या विश्वांतली. १९९४ च्या पथकाच्या विश्वाला क्रमांक दिला तो २४७, म्हणजे १९५८ च्या त्या पहिल्या अंकाचा. पेरेझ यांची पाने इतकी गच्च भरलेली आहेत की चेहरे मोजता मोजता डोळे दुखतात. कथा म्हणून तिच्यात गोंधळ आहे, हाणामारी जास्त आहे. पण माझ्या दृष्टीने ती या मालिकेची चिकित्सक आवृत्ती आहे. खोडलेले सगळे तिने तळटीपांतून वर आणले.

माझा वाटा

इथवर मी प्रकाशकाकडे बोट दाखवले. आता स्वतःकडे.

माझ्या भाचीला मी २००७ मध्ये, ती चौदा वर्षांची असताना, वेड-किटसन आवृत्तीचे संग्रह वाचायला दिले होते. तिला ते भयंकर आवडले. शिस्तीच्या नावाखाली मुलांवर सतत नजर ठेवणारा समाज आणि त्याविरुद्ध उठलेली मुले, हे तिला आपले वाटले. मला फोन करून ती तासभर लुओर्नुबद्दल बोलली. आणि मी तिला काय सांगितले? ‘ही खरी लुओर्नु नव्हे. खरीची एक बहीण मेली होती. तू जुने अंक वाच.’ ती गप्प झाली. दोन वर्षांनी तिची मालिका बंद पडली. तेव्हा तिने विचारले, ‘मामा, म्हणजे आता माझी पण खरी नाही ना?’ त्यानंतर तिने लीजन हातात घेतल्याचे मला आठवत नाही.

१९९४ मध्ये जे माझ्या बाबतीत घडले म्हणून मी वर्षानुवर्षे कुढत होतो, तेच मी तिच्या बाबतीत केले. तिचा पहिला अंक मी रद्द ठरवला. जुन्या वाचकाचे प्रेम असे असते. ते आठवण जपते, आणि त्याच आठवणीची कडी दाराला आतून लावते. १९८९ च्या आवृत्तीतून नामावळ गेली ती चाहत्यांच्याच हातून. आपल्याला सगळे पाठ आहे, मग ओळख कशाला करून द्यायची, हा अहंकार त्यामागे होता आणि तो माझ्यातही आहे. प्रकाशकाने वारंवार पाटी कोरी केली त्याचे एक कारण आम्ही होतो. आम्ही आतली जागा इतकी भरून टाकली होती की नव्याला बसायला चटई उरली नव्हती. फुटपाथवरचा मधलाच अंक उचलून वाचणाऱ्या पोराला आत घेतले ते त्या छोट्या चौकटींनी. पुढे तोच पोरगा दारात उभा राहून येणाऱ्याला इतिहास विचारू लागला.

म्हणून आता मला वाटते ते असे. गोष्ट कितीही वेळा पहिल्यापासून सांगावी. मात्र दोन पथ्ये पाळावीत : आधीच्या सांगण्याला खोटे म्हणू नये, आणि प्रत्येक सांगण्यात नामावळ असावी. पहिले पथ्य प्रकाशकाने मोडले, दुसरे आम्ही. शिमग्यातल्या नमनात ही दोन्ही पथ्ये न सांगता पाळली जातात. वेताळाच्या गुहेतही.

जिम शूटर २००८ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पुन्हा लीजन लिहायला आले होते, आणि तेही नेमके त्या तिसऱ्या, माझ्या भाचीच्या आवृत्तीत. जी मुले त्यांनी शाळकरी वयात लिहिली होती ती ही नव्हेत, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होते. तरी ते आले आणि समोर होती त्या मुलांना त्यांनी लिहिले. २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मी ते अंक पुन्हा काढले. त्यांतला एकही फेरो लॅडच्या मरणाच्या अंकाच्या तोडीचा नाही. पण ‘ही खरी नव्हेत’ असा सूर कुठेही नाही.

स्मारक माझ्या घरापासून चालत जाण्याइतके आहे. केशवसुतांचा जन्म १५ मार्च १८६६ चा की ७ ऑक्टोबर १८६६ चा, याबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत. दोन्ही मते छापली जातात, दोन्ही सांगितली जातात आणि त्यामुळे कवितेचे काही बिघडत नाही. यंदा दिवाळीला भाची येणार आहे. पत्र्याच्या पेटीत सर्वांत वर मी तिचे ते संग्रह ठेवले आहेत, माझ्या १९८२ च्या फाटक्या अंकाच्याही वर. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला बरीच वर्षे लागली. तुझीही खरीच होती, एवढेच तिला सांगायचे आहे.